खडखड ऐकणार कोण?

आमच्या लाखनीतून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. जुना ६ नंबर, आताचा ५३. ट्रकांच्या गर्दीत पुढच्या चाकातून खडखड ऐकू आली की बरेच जण गाण्याचा आवाज वाढवतात! पण झिजलेला बॉल जॉइंट निसटला, तर चाकच आडवं होतं.

२०१९ च्या कायदादुरुस्तीमुळे, बनावटीतच दोष असेल तर मालकांच्या तक्रारींवरून सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकतं. पण २०२१ च्या नियमांप्रमाणे सात वर्षांच्या आतल्याच. खाजगी कारची फिटनेस तपासणी मात्र थेट पंधराव्या वर्षी. मधली आठ वर्षं कोणाची? माझ्या मते सातव्या वर्षी तपासणी सक्तीची हवी. तोवर मेस्त्रीला गाडी जॅकवर घेऊन चाक हलवून बघायला सांगा.