शेगावचा घोळ आणि परदेशी पार्सल

सेवाग्राम हे नावच टपालाच्या घोळातून आले. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले आणि त्यांची पत्रे बुलढाण्याच्या शेगावची वाट धरू लागली. अखेर १९४० मध्ये गावाचे नाव बदलले. आता पत्ता चुकत नाही, पार्सलच मधूनच अदृश्य होते.

परदेशातल्या लेकीला इथून फराळ पाठवा. पावतीवर क्रमांक मिळतो: दोन अक्षरे, नऊ आकडे, शेवटी भारताचे ‘आयएन’. देश सोडेपर्यंतच्या नोंदी दिसतात, मग सामसूम. नोंद होते ती पार्सल स्कॅन झाले तर, आणि विमानात कोण स्कॅन करणार? पुढची खबर पलीकडचे टपाल खाते आणि कस्टम्स देतील तेव्हा. तोवर चकलीचे काय होते, ते घरोघरी ठाऊक आहे.

गेल्या वर्षी तर वाटच बंद झाली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची आयातशुल्क माफी काढली. तेव्हा २५ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले थांबवली. सेवा पूर्ववत झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी दाराशी आल्यावर.

परदेशी खात्याचा वेग आपल्या हातात नाही, हे मान्य. पण कोणत्या सेवेत, कोणत्या देशात, कुठपर्यंतच्या नोंदी दिसतील, हे पैसे घेण्याआधी खिडकीवर मराठीत सांगायला काय हरकत आहे? तशी पाटी प्रत्येक टपाल कार्यालयात लागलीच पाहिजे. आणि वाचकहो, पार्सल हाती पडल्याचा फोन येईपर्यंत ती पावती फेकू नका. चौकशीचा अर्ज त्याच क्रमांकावर होतो.