जुनी गाणी आणि नवे कान

मुलांना नेहमी नवेच हवे असते आणि जुन्याची गोडी वय वाढल्यावर लागते, असा एक सर्वसाधारण समज आहे. परंतु काही घरांतून आज याच्या उलट दृश्य दिसते. बारा-तेरा वर्षांची मुले अभ्यास आटोपल्यावर रेडिओवर किंवा मोबाईलवर विविधभारती लावतात आणि आजोबांच्या तरुणपणची संथ, शांत गाणी मन लावून ऐकतात. दणदणाट करणारा ठेका त्यांना नकोसा होतो. अशा मुलांना त्यांचे सोबती ‘म्हातारा’ म्हणून चिडवितात. घरातील वडीलमंडळी मात्र त्यांची पाठ थोपटतात आणि नव्या संगीतात काही राम उरलेला नाही, हे मुलांनाही कळू लागले, असे अभिमानाने सांगतात. सोबत्यांचे चिडविणे आणि वडिलांचा अभिमान, ही दोन्ही विचाराच्या कसोटीस उतरणारी नाहीत.

मुलांना ही गाणी आवडण्याची कारणे साधी आहेत. शाळा, शिकवणी, रहदारी आणि ध्वनिवर्धक यांच्या गोंगाटाने दिवसभर शिणलेल्या कानांना संध्याकाळी विसावा हवा असतो. संथ गाण्यात शब्द स्पष्ट ऐकू येतात आणि दोन ओळींच्या मध्ये बासरीला किंवा सतारीला बोलण्यास जागा मिळते. शिवाय रेडिओवरील गाणे दुसऱ्या कोणीतरी निवडलेले असते. ते बोटाने पुढे सारता येत नाही. त्यामुळे अनोळखी गाणेही शेवटपर्यंत ऐकले जाते आणि कधी कधी तेच मनात घर करते. निवेदक गीतकाराचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव सांगतो, तेव्हा एका गाण्यामागे कितीजणांचे श्रम असतात, हेही सहज कळते. यात म्हातारपणाचा काही संबंध नाही. हा चांगल्या श्रोत्याचा गुण आहे.

परंतु यावरून जे जुने ते चांगले आणि जे नवे ते वाईट, असे ठरविणे चुकीचे होईल. कारण आज जुनी म्हणून गौरविली जाणारी गाणी एके काळी नवी होती, इतकेच नव्हे, तर नवी म्हणून त्यांना बोलही लावले गेले होते.

ज्या हळुवार गायनाचे आज कौतुक होते, ते मुळात एका नव्या यंत्राचे देणे आहे. पूर्वी रंगभूमीवरील गायकाला नाट्यगृहातील शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे. तबकडीसाठी गातानाही त्याला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गावे लागे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले. कुजबुजल्यासारखा कोमल स्वरही मग तबकडीवर उतरू लागला. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावे. तेवढ्या वेळात कवितेचा भाव हळुवारपणे सांगणारे मराठी भावगीत याच यंत्राच्या आणि नभोवाणीच्या आश्रयाने वाढले.

चित्रपटगीतांची कथा याहून बोलकी आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. देशातील जनतेने शास्त्रीय संगीत ऐकावे, ही त्यांची तळमळ खरी होती. १९५४ साली सुरू झालेले आकाशवाणी संगीत संमेलन हे त्या काळातील एक चांगले कार्य होय. परंतु त्यांच्या मते चित्रपटगीते हलकी होती. त्यामुळे आकाशवाणीवरून ती फारच कमी झाली. याचा परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे वळविला. त्या केंद्रावर १९५२ साली सुरू झालेला अमीन सायानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम घरोघरी लोकप्रिय झाला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविधभारती सुरू केली आणि चित्रपटगीते आपल्या घरी परत आणली. त्या वेळी ज्या गाण्यांना हलकी म्हटले गेले, त्यांतीलच कित्येक गाणी आज अभिजात म्हणून गौरविली जातात. सक्तीने आवड निर्माण होत नाही आणि मनाईने ती नाहीशीही होत नाही, हा धडा या घटनेतून मिळतो.

नवेपण आणि गोडवा यांचे वैर नसते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. कथा पुरातन होती, पण ग. दि. माडगूळकरांचे शब्द नवे होते आणि सुधीर फडके यांच्या चालीही नव्या होत्या. वर्षभर चाललेल्या या मालिकेत ५६ गीते झाली. नवे म्हणून त्या वेळच्या श्रोत्यांनी रेडिओ बंद केला असता, तर आज जुने म्हणून जपण्यासारखा हा ठेवा मराठी मनाला कसा लाभला असता?

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. जुन्या काळीही सामान्य आणि कर्कश गाणी पुष्कळ होती. काळाने ती पाखडून टाकली आणि टपोरे दाणे तेवढे शिल्लक ठेवले. आजची गाणी मात्र अजून खळ्यावरच पडून आहेत. त्यांत भूस आहे, तसे धान्यही आहे. निवडलेल्या धान्याशी खळ्यावरच्या राशीची तुलना करणे न्यायाचे नव्हे.

म्हणून एखाद्या मुलाला जुने गाणे आवडले, तर त्याने त्याची लाज बाळगू नये. तसेच त्याचा तोराही मिरवू नये. गाणे कोणत्या वर्षीचे आहे, याआधी त्यातील शब्द अर्थपूर्ण आहेत का, स्वर सच्चा आहे का आणि ते पुन्हा ऐकावेसे वाटते का, हे त्याने पाहावे. जुन्या गाण्यांनी ज्याचे कान तयार झाले आहेत, त्यालाच नव्या राशीतील दाणे अधिक चांगले ओळखता येतील. आजच्या गाण्यांपैकी कोणती पन्नास वर्षांनी जुनी आणि गोड म्हणून ऐकली जातील, हे मोठी माणसे ठरविणार नाहीत. आज जी मुले कान देऊन ऐकतात आणि मनात जपतात, तीच ते ठरविणार आहेत.