ज्यूरीला बोलावणे, पगाराला कात्री!

आपल्याकडे ज्यूरी म्हटले की मुंबईचा १९५९ चा नानावटी खटलाच आठवतो. नऊपैकी आठांनी आरोपीला निर्दोष ठरविले, हायकोर्टाने ते मानले नाही आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली. त्या नऊ जणांच्या अकलेवर घरोघर वाद झडले. पण त्या दिवसांचा त्यांचा पगार कोणी भरून दिला, हे आपण कधी विचारले काय? पुढे आपल्या फौजदारी कोर्टांतून ज्यूरीच गेली. अमेरिकेत ती आहे, आणि तिथले नागरिक झालेल्या आपल्या लेकी-जावयांच्या दारातही तिचे समन्स येऊन पडते.

न गेलात तर दंड. गेलात तर संघराज्याच्या कोर्टात दिवसाला ५० डॉलर. आता थोडे गणित करू. त्याच सरकारने २००९ पासून ठरविलेली किमान मजुरी ताशी सव्वासात डॉलर. आठ तासांचे झाले ५८. म्हणजे खासगी मालकाने जितके दिले नाही तर तो गुन्हेगार, त्याहून आठ डॉलर कमी देणारे सरकार मात्र न्यायदाते! त्या दालनात न्यायाधीशाला पगार आहे, कारकुनाला पगार आहे, दाराशी उभ्या शिपायाला आहे. ज्यूरीत सरकारी नोकर बसला तर त्याचाही चालू. खासगी नोकराला पगार द्याच, असे मालकाला सांगणारा देशव्यापी कायदा नाही.

नोकरी तरी शाबूत राहते ना? कायदा म्हणतो, ज्यूरीला गेला म्हणून नोकराला काढू नका, धमकावू नका. नाहीतर पाच हजार डॉलरपर्यंत दंड. वाचून बरे वाटते. पण त्यात ‘कायम नोकर’ असा शब्द आहे हो! हंगामी माणसाने काय करावे?

कोणी म्हणेल, कर्तव्याला मोबदला कसला? परवडत नसेल त्याला सूट द्या, म्हणजे झाले. ही दयाबुद्धी एकदा वापरून झाली आहे. एका उतारूने धावत्या गाडीतून उडी टाकली व सॅन फ्रान्सिस्कोत सदर्न पॅसिफिक रेल्वेवर दावा लावला. तिथल्या कोर्टाच्या अधिकाऱ्यांनी रोजंदारीवाल्यांची नावे यादीतच घेतली नव्हती. बिचाऱ्यांची मजुरी बुडते ना! निकाल रेल्वेच्या बाजूने लागला. १९४६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. ज्याला खरोखर जड जाते त्या एकेकट्याला सोडा, पण अख्खा मजूरवर्ग वगळलेली ज्यूरी चालणार नाही, असे बजावले.

मग त्या मजुराने तिथे बसून खावे काय? मॅसॅच्युसेट्सने थोडी वाट काढली आहे. पहिले तीन दिवस मालकाने नेहमीचा पगार द्यायचा, चौथ्यापासून राज्याने ५० डॉलर. खटला लांबला की पुन्हा ओढाताण आलीच. पण बहुतेकांचे काम तीन दिवसांत आटोपते. आणि त्याच सॅन फ्रान्सिस्कोत, जिथे दुसऱ्या दिवसापासून दिवसाला १५ डॉलर टेकवीत, कमी मिळकतीच्या ज्यूररांना १०० डॉलर देण्याचा प्रयोग सुरू झाला तो २०२२ साली. उतारूच्या निकालाला तेव्हा शहात्तर वर्षे झाली होती.