खुर्ची आपली, दोरी त्यांची

राखीव जागेवर आपला माणूस निवडून आला की वस्तीत गुलाल उधळतात. मीही उधळलाय. पण तो आपला असतो किती? १९३२च्या पुणे करारानं जागा दिल्या, पण मतदारसंघ संयुक्तच. म्हणजे उभा राहणार आपला, निवडणार सगळे. १९५२ला उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब पडले, काँग्रेसचे काजरोळकर आले. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानं तर आमदाराच्या तोंडाला व्हीपचं मुसकंच बांधलं. सभागृहात पक्षाविरुद्ध मत दिलं तर आमदारकीच जाऊ शकते. महाराष्ट्राच्या विधानसभेत अनुसूचित जातींच्या २९ खुर्च्या आहेत. दोरी मात्र तिकीट देणाऱ्याच्या हातात. मत मागायला येईल त्याला एवढंच विचारा: उद्या वस्ती पेटली तर तू आमचा की व्हीपचा?