जिरेनियमला रोग येत नाही म्हणणाऱ्यांनी एक सुकलेलं झाड उपटून दाखवावं



पाऊस लागून राहिला की मेसेज सुरू होतात. "भाऊ, जिरेनियम एकाएकी माना टाकतंय, काय सोडू?" सोबत फोटो पानाचा. अहो, मुळाचा फोटो कुठंय?

रोपं विकताना काय सांगितलं होतं ते आठवा. जनावर खात नाही, कीड नाही, रोग नाही, एकदा लावा आणि तीन वर्षं कापत बसा. त्यातलं जनावराचं खरं आहे, वासामुळं गुरं तोंड लावत नाहीत. पण बुरशीला नाक नसतं. आणि झाडं मरायला लागली की तेच लोक चार बाटल्यांचं किट देतात, सगळं एकत्र करून आळवणी करा म्हणतात. झाड न बघता औषध देणारा डॉक्टर आपण घरच्या माणसासाठी चालवून घेतो का?

आधी झाड उपटा. खोड जमिनीलगत काळं-मऊ झालंय, मुळाची साल बोटात निघून येते आणि आत दोऱ्यासारखी शीर राहते, तर ती पिथियमची कूज. पाणी साचलं की हमखास. मुळावर गाठी असतील तर सूत्रकृमी. मुळं कुरतडलेली आणि खोडात माती भरलेली असेल तर वाळवी, तिथं बुरशीनाशक ओतून काय होणार? मुळं बरी दिसतात पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी पट्टा आहे, तर मर. ती बुरशीची की जीवाणूची हे बघायला काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि बुडख्याचा ताजा तुकडा त्यात लटकवा. थोड्या वेळात दुधासारखी धार खाली उतरली तर जीवाणू. टोमॅटो-वांग्याला हीच परीक्षा करतात.

एवढा खटाटोप कशाला? कारण मेटॅलॅक्सिल पिथियमवर चालतं, फ्युजॅरियमवर नाही. कार्बेन्डाझिम फ्युजॅरियमवर चालतं, पिथियमवर नाही. आणि जीवाणूच्या मरीवर दोन्ही पाण्यात गेली. तिथं झाड मातीसकट काढून जाळायचं, त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा लावायचा नाही. दुसरा इलाज नाही, कुणी सांगत असेल तर लेखी मागा.

आता मूळ दुखणं. जिरेनियम बियाण्यावर येत नाही, फाट्यांवर येतं. मातृझाडात रोग असला की तो फाट्यातून तुमच्या रानात येतो, पैसे देऊन. म्हणून रोपं उतरवून घेण्याआधी पाच-दहा पिशव्या फोडा. मूळ पांढरं पाहिजे. काळं किंवा गाठीचं दिसलं तर गाडी परत. विकणारा तोंड वाकडं करील, करू द्या. एक टन पाल्यातून जेमतेम किलोभर तेल निघतं, त्यात जागोजागी झाडं मेली तर राहतं काय?

भारी काळ्या रानात सपाट लागवड करूच नका. उंच गादीवाफा, मोकळा चर, लागणीला शेणखतात मुरवलेलं ट्रायकोडर्मा. कापणीला चांगला भाग आधी, रोगट भाग शेवटी, नाहीतर विळाच रोग वाटत फिरतो. पावसाळ्यात मातृझाडं वाचवायला लखनौच्या सीमॅपने प्लॅस्टिकच्या स्वस्त छपराची पद्धत दिलीय. रोपवाटिकावाल्यांना विचारा, तुमच्याकडं ते आहे का म्हणून.

किडीचं थोडक्यात. उन्हाळ्यात पान खालून करपट, बारीक जाळी दिसली तर पांढऱ्या कागदावर पान झटका. ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. त्याला कोळीनाशकच लागतं, इमिडाक्लोप्रिड मारून उपयोग नाही, उलट मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो.

इथून पुढं मेसेज करताना तीन फोटो पाठवा: मुळाचा, चिरलेल्या खोडाचा आणि ग्लासाचा. नुसत्या पानाच्या फोटोला उत्तर मिळणार नाही.