दुसऱ्याचे पाप म्हणजे आपले पुण्य नव्हे

‘आपले ठेवायचे झाकून अन् दुसऱ्याचे पाहायचे वाकून’ ही म्हण अस्सल मराठी. पण तिला राजनीतीचा दर्जा दिला तो सोव्हिएत सत्ताधाऱ्यांनी. त्यांच्या दडपशाहीविषयी कोणी प्रश्न विचारला की ठरलेले उत्तर येई, ‘तुमच्याकडे तर कृष्णवर्णीयांना झुंडीने ठार मारतात!’ अमेरिकेतील ते अत्याचार खरे होते, लांच्छनास्पदही होते. परंतु त्यांच्या उल्लेखाने सैबेरियातील श्रमछावणीतला एकही बंदिवान मुक्त झाला नाही.

या नीतीचे मोल १९८६ साली सामान्य जनतेने मोजले. २६ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. शेजारच्या प्रिप्यात नगरातील सुमारे ५० हजार रहिवाशांना हलविले गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. २८ तारखेला स्वीडनमधील अणुकेंद्रात किरणोत्सर्ग आढळला, तेव्हा कोठे ‘तास’ वृत्तसंस्थेने मोजक्या वाक्यांचे निवेदन काढले. आणि पाठोपाठ अमेरिकेतील थ्री माइल आयलंडच्या १९७९च्या अपघाताची आठवणही जगाला करून दिली! १ मे रोजी कीव्हमध्ये कामगारदिनाचे संचलन निघालेच. १४ मे रोजी गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवर बोलले. त्या भाषणातही, त्या अपघाताची माहिती स्वतःच्या संसदेला देण्यास अमेरिकेने दहा दिवस लावले, हा हिशेब त्यांनी मांडला.

पेनसिल्व्हेनियातील चुकीकडे बोट दाखविल्याने युक्रेनमधील बालकांच्या दुधातले किरणोत्सारी आयोडीन कमी होणार होते काय? पुढे तेथील आणि शेजारच्या प्रदेशांतील हजारो मुलांना थायरॉईड ग्रंथीचा कर्करोग झाला. त्या मातांना अमेरिकेचा इतिहास नको होता. आज मुलाला दूध पाजावे की नाही, एवढेच त्यांना हवे होते.

सोव्हिएत संघ १९९१ साली लयाला गेला, त्याची ही खोड मात्र जिवंत आहे. आपल्याकडेही भ्रष्टाचाराचा प्रश्न निघताच ‘तुमच्या राजवटीत काय झाले?’ हा प्रतिप्रश्न तयार असतो. तुलना निषिद्ध नाही. दोघांनाही एकाच मापाने मोजण्यासाठी केलेली तुलना हा न्याय. स्वतःचे माप चुकविण्यासाठी केलेली तुलना हा कांगावा.

हा निकष केवळ प्रतिपक्षासाठी नाही. सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या प्रत्येकाने तो प्रथम स्वतःला लावावा. आधी उत्तर द्यावे, चूक असेल तर मान्य करावी, ती सुधारावी. त्यानंतर खुशाल समोरच्याला जाब विचारावा. शेजाऱ्याच्या घरालाही आग लागली आहे, एवढ्याने आपले घर जळायचे थांबत नाही.