शिंगणापूरकरांनो, बोटीने लंकेला जायचंय?

मंडळी, आम्ही पडलो नेवासे तालुक्यातले. समुद्र म्हणजे कॉलेजच्या ट्रिपला अलिबागला बघितला तेवढाच! त्यामुळे आमच्या शनिशिंगणापूरच्या एखाद्या माणसाने बोटीने दुसऱ्या देशात जायचं म्हटलं की घरचे आधी पत्रिका काढतात. पण यात शनीचाच वशिला लागतो. तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून श्रीलंकेतल्या कांकेसंतुराईला फेरी जाते आणि नागपट्टिनमपासून साधारण वीस किलोमीटरवर कारैकल, त्याला लागून तिरुनल्लार, म्हणजे शनीचं दक्षिणेतलं मोठं स्थान. नळराजाची साडेसाती तिथे सुटली म्हणतात. आपल्याकडे शिळा उघड्या चौथऱ्यावर, तिथे शनी देवळाच्या आत. आईवडिलांना 'शनीला चाललोय' म्हणून काढायचं आणि हळूच लंका दाखवून आणायची, असा बेत बरेच जण आखतात. बेत झकास आहे. फक्त दिवाळीत नको.

आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे आपल्या हापिसाला सुट्टी, तेव्हाच तिथला समुद्र खवळलेला. ही फेरी १४ ऑक्टोबर २०२३ ला गाजावाजा करून सुरू झाली आणि आठवड्याभरातच हवामानामुळे थांबली. मग थेट १६ ऑगस्ट २०२४ ला पुन्हा सुरू. त्यानंतरही मधूनमधून बंद असतेच. लोक याला बेभरवशाची म्हणून नावं ठेवतात. मला ते पटत नाही. लाटा बघून बोट न सोडणारा कप्तान मला वेळापत्रक पाळणाऱ्यापेक्षा जास्त आवडतो. चूक आपल्या प्लॅनिंगची असते. बोटीच्या दुसऱ्याच दिवशी कोलंबोहून विमान कशाला काढायचं? दोन दिवस मोकळे ठेवा. (रिलीजच्या आदल्या दिवशी आपण बफर मागतो ना, तसंच.) फेब्रुवारी-मार्च बरा. परतीची बोट रद्द झालीच, तर जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावरून चेन्नईला विमान मिळतं का, हे निघण्याआधीच बघून ठेवा.

प्रवास चारेक तासांचा. उलटीची गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, निघायच्या तासभर आधी घ्यायची. वयस्कर माणसांना आधी डॉक्टरांना विचारून. पोट तुडुंब नको आणि अगदी रिकामंही नको. जागा बोटीच्या मधोमध, नजर लांब क्षितिजावर. मोबाईल खिशात. हे शेवटचं आपल्याला सगळ्यात जड जाणार.

तिकीट नावापुरतं बोटीचं, बाकी सगळे सोपस्कार विमानतळासारखेच: पासपोर्ट, इमिग्रेशन, कस्टम. लंकेची ईटीए आधी काढा, ती सरकारी साईटवरूनच. तिकीटही कंपनीच्या साईटवरूनच. २०२५ मध्ये शिंगणापूरच्या देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून ऑनलाईन पूजेचे पैसे उकळल्याचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. देवाला सोडत नाहीत तिथे बोटीचं काय! सामानाची मर्यादा बुकिंगच्या वेळीच वाचा, कारण आपल्या आयांची पिशवी परतीला दुप्पट होते.

आणि हो, बॅगेला कुलूप लावा. दाराला कवाड नसलेल्या गावातल्या माणसाला हे सांगताना मलाच कसंसं होतं, पण पासपोर्ट, औषधं आणि पैसे मात्र अंगावरच्या छोट्या पिशवीत. जाफन्यात नल्लूरच्या देवळात पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं, तेव्हा ती पिशवी कुणाकडे द्यायची हे आधीच ठरवून ठेवा.